पंपावरची हिरवी पुडी

१

बुधवारी दुपारी तीन चाळीसला बारा नंबरच्या खाटेवरचे दिंग आजोबा पेरूची फोड हातात धरून उशीवर कलंडले. चेहरा पांढराफटक, डोळे अर्धे उघडे. सीनियर नर्स च्वो ताई नेमक्या राउंडला तिथे पोचल्या म्हणून निभावलं. त्यांनी ड्रिपचा पंप बंद केला, आजोबांचे पाय उंच केले, ओरडून डॉक्टरांना बोलावलं आणि दहा मिनिटांत आजोबांना परत आणलं. मग सगळ्यांचं लक्ष पंपाकडे गेलं. रक्तदाब उतरवायचं औषध ताशी पाच मिलिलिटरनं जायला हवं होतं. पंपावर आकडा होता पन्नास.

मी लुओ, सात नंबर वॉर्डाचा क्लार्क. च्यायी शहरातल्या या हॉस्पिटलात एकवीस वर्षं बसलोय. फोन माझा, कागद माझे, आणि वॉर्डात काही बिनसलं की पहिली शिवीही माझीच. इंजेक्शनची सुई मी आजवर हातात धरली नाही, पण कोण कशी धरतं हे मला खुर्चीतून कळतं.

त्या पंपाला एक हिरवी पुडी बांधलेली होती. मक्याच्या कुरकुरीत खाऊची, पोरं खातात ती. आमच्याकडे यंत्र म्हटलं की त्याला ही पुडी बांधायचीच, म्हणजे ते शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी आणि तिची तारीख उलटलेली नको. हसणारे हसोत, आमचे सर्जनसुद्धा आधी पुडी बघतात आणि मग मशीन सुरू करतात. नव्या नर्सला कामाच्या पहिल्या दिवशी एक पुडी मिळते. तिच्यावर नाव लिहून ती एका पंपाला बांधायची, की तो तिचा पंप. शिकाऊपणा संपेपर्यंत पुडी सोडायची नाही. या पुडीवर गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं, ‘पेइशानचा पंप. शहाणा राहा.’

ज्येन पेइशान बावीस वर्षांची. बुदायच्या समुद्रकाठची पोर, आई शिंपल्यातून कालवं सोडवायचं काम करते. जूनमध्ये पदवी घेतली आणि गेले आठ आठवडे ती च्वो ताईंच्या हाताखाली शिकत होती. शुक्रवारी तिची शेवटची तपासणी, आणि सोमवारपासून तिचे स्वतःचे पेशंट. दर बुधवारी दुपारी तीन ते चार या वेळात नव्या नर्सांचा तळमजल्यावर वर्ग असतो, तिथून तिला वर बोलावलं.

वॉर्डाच्या इन्चार्ज वेइ सिस्टर तिची वाटच बघत होत्या. “दोन दहाला नवी बाटली तू लावलीस?”

“हो.”

“पंप तुझाच?”

पेइशाननं पुडीकडे पाहिलं. “हो.”

“दुसरी सही माझी आहे,” च्वो ताई हळूच म्हणाल्या. “मी बघितलं तेव्हा पाच होता.”

“मग नंतर हिनंच हात लावला असेल,” वेइ सिस्टर म्हणाल्या. “पन्नास कसा झाला, पेइशान?”

“माझ्याच हातून झालं असेल,” पोरगी म्हणाली. “माफ करा. माझ्याच हातून झालं असेल.”

तिथेच विषय मिटला. वेइ सिस्टरनी पुडीसकट पंप माझ्यामागच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी माझ्यामागे फॉर्मांचा ससेमिरा. चूक झाली की लिहायचा तो फॉर्म वेइ सिस्टरना हवा, डॉक्टरांना हवा, च्वो ताईंना हवा. च्वो ताईंना आणखी एक हवा. परत आणखी एक. “ताई, कंदील करताय का त्याचे?” मी म्हटलंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. तशा त्या एरवीही हसत नाहीत.

घरी निघताना पेइशाननं माझ्या ट्रेमध्ये पाकीट ठेवलं. राजीनामा होता. वेइ सिस्टर म्हणाल्या, “उद्या चार वाजता रिपोर्टासोबत वर पाठव.” एकदा का तो रिपोर्ट वर गेला, की त्या पोरीला कुठलंही हॉस्पिटल दारात उभं करणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला लिफ्ट उघडली आणि यो बाई आल्या.

२

यो श्यूल्वान बाई अडुसष्ट वर्षांच्या. नव्या नर्सांच्या शिक्षणाचा विभाग त्यांनीच उभा केला, निवृत्त झाल्या, आणि तरी दर बुधवारी वर्ग घ्यायला येतात. उंची माझ्या खांद्याएवढी, मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात जवाच्या चहाचा थर्मास. या इमारतीतल्या निम्म्या नर्सांना त्यांनी शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना रडवलंय. वेइ सिस्टरनीच त्यांना बोलावलं होतं, पोरीची समजूत घालून तिला शांतपणे घरी पाठवायला.

पण बाई पोरीकडे गेल्याच नाहीत. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“लुओ, ती किती वेळात कबूल झाली?”

“किती वेळात म्हणजे?”

“घड्याळानं.”

मी आठवलं. “जिना चढून आली होती. धाप लागलेली. दोन प्रश्न झाले आणि कबूल.”

“पन्नास कसा झाला ते सांगितलं तिनं?”

“नाही. माझ्याच हातून झालं असेल, एवढंच.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “खरी चूक करणारा माणूस आधी हाताकडे बघतो, मग काय केलं ते आठवतो. हिनं काही आठवलंच नाही. कपाट उघड.”

मी कुलूप काढलं. बाईंनी पंप टेबलावर घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि पंपाला हातही न लावता पुडीकडेच बघत बसल्या. पुडी दांड्याला कागदी पट्टीनं चिकटवलेली होती. तीच पट्टी, जी सलाइनच्या नळीवर लावतात.

“ही पोरगी पुडी कशानं बांधायची?”

हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याच ड्रॉवरमधून तिनं गॉजची चिंधी नेली होती आणि तिचं फुलपाखरू करून पुडी बांधली होती. आठ आठवडे ते फुलपाखरू मी येता-जाता बघत होतो. आत्ता ते नव्हतं.

“पट्टीचं टोक बघ,” बाई म्हणाल्या.

टोक आत दुमडलेलं होतं. इतकंसं, नखाएवढं.

“म्हणजे?”

“म्हणजे ज्यानं लावली त्यानं काढणाऱ्याचा विचार केलाय.” बाईंनी पंपाचं बटण दाबलं. पडदा उजळला. वर पन्नास, आणि खाली एक छोटा आकडा. एकूण किती औषध गेलं, तो.

बाईंनी तो वाचला आणि थर्मासचं झाकण उघडता उघडता थांबल्या.

“वीस,” त्या म्हणाल्या. “लुओ, पोरगी निर्दोष आहे. आणि कोण दोषी आहे ते शोधायला माझ्याकडे सहा तास आहेत.”

३

“तासाला पन्नास, तर वीस जायला किती वेळ?” बाईंनी विचारलं.

मी कॅल्क्युलेटर काढला. “चोवीस मिनिटं.”

“तीन चाळीसला पंप बंद केला. चोवीस मागे जा.”

“तीन सोळा.”

“तीन सोळाला पेइशान माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसली होती. रक्त कसं चढवायचं हे सांगत होते मी, आणि ती प्रत्येक शब्द लिहून घेत होती. आणि दोन दहापासून पन्नासनं गेलं असतं ना, तर दिंग आजोबा आज दुसरा पेरू मागत नसते.”

“मग हे वेइ सिस्टरना सांगू या!” मी उठलोच.

“बस खाली. पोरगी सुटेल, पण वॉर्डातला कोणीतरी ते पोटात ठेवून काम करत राहील. तो पुढच्या वेळी थरथरत्या हातानं सुई धरेल. मला तो माणूस हवाय. काल तीन वाजता वॉर्डात कोण होतं?”

मी बोटं मोजली. वेइ सिस्टर वरच्या मजल्यावर मीटिंगला होत्या, ती पावणेचारला सुटली. दोन जणी जेवायला गेल्या होत्या. उरल्या च्वो ताई आणि नर्स काओ. शिवाय दिंग आजोबांचा मुलगा.

मुलापासून सुरुवात केली, कारण माझा त्याच्यावर राग होता. बुधवारी सकाळी हा गृहस्थ वॉर्डात अननसाच्या केकचा डबा घेऊन आला. हॉस्पिटलात अननस! आमच्याकडे ड्युटीवर अननसाचं नाव काढलं तरी पेशंटांची रीघ लागते असं म्हणतात. वर तो दोनदा विचारून गेला होता, “ही बाटली जरा भरभर नाही का संपवता येणार?”

“मी बटणाला हात लावला नाही हो,” तो पन्नाशीचा माणूस रडकुंडीला आला. “भरभर म्हटलं ते बाबांना फेरी मारायची होती म्हणून. तीन वाजता मी खाली कोंबडीभात आणायला गेलो. रांग होती. वर आलो तर हे असं.”

“बिल आहे?”

त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. तीन बावीस.

“अहो, अननस मात्र परत आणू नका,” बाई म्हणाल्या, “हे लोक तुम्हाला फाशी देतील.”

खाटेवरून दिंग आजोबा ओरडले, “मी त्याला सांगितलं होतं! पण ऐकतो का? बेचाळीस वर्षं शाळेत शिकवलं, घरातलं एक पोर शहाणं झालं नाही.”

मग काओ. काओ म्हणजे हातात काम, तोंडात गाणं आणि नखांना दर आठवड्याला नवा रंग. वॉर्डात काही हरवलं की सगळे आधी काओच्या खिशात बघतात.

“आधी मलाच पकडणार, माहीत होतं मला,” ती म्हणाली. “बाई, मी तीन वाजता दहा नंबरच्या पेशंटला घरी सोडत होते. सासू, सून, तीन पिशव्या आणि एक कुंडी. अर्धा तास त्यातच गेला.”

“दहाच्या पंपाचं काय केलंस?”

“काय करणार? एकूण किती गेलं ते लिहून घेतलं आणि तो आकडा शून्य केला. नियमानं.”

“आणि वरचा आकडा? वेग?”

“तो कोण पुसतं? पुढची जी लावेल ती आपला टाकतेच की.”

“दहा नंबरचं सलाइन कितीनं चालू होतं?”

काओचा हात नखांवर थांबला. “पन्नासनं,” ती म्हणाली.

४

आमच्या वॉर्डात पंपांना नंबर आहेत. खाली, बुडाशी, झिजलेल्या चिकटपट्टीवर. एकवीस वर्षांत तो नंबर कोणी वाचलेला मी पाहिला नव्हता. हा पेइशानचा, तो पुडीवर पिवळा टेडी काढलेला, तो पुडीची तारीख संपत आलेला, असंच सगळे बोलतात. पुडी बघितली की पंप ओळखला.

बाईंनी कपाटातला पंप उलटा केला. “तेवीस.”

काओच्या कागदावर दहा नंबरच्या खाटेपुढे लिहिलं होतं, पंप तेवीस. आणि पेइशानच्या कागदावर, बारा नंबरच्या खाटेपुढे, तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, पंप सतरा.

“म्हणजे हा पंप तिचा नाहीच?” मी म्हटलं.

“पुडी तिची आहे. पंप काओचा. तुम्ही सगळे शहाणे लोक, वेइसकट, पुडीवरचं नाव वाचून मोकळे झालात. खुद्द पेइशानसुद्धा! तिनं पुडी पाहिली आणि मान डोलावली.” बाई उठल्या. “सतरा कुठेय?”

सतरा सापडला दुरुस्तीच्या फळीवर, झाडूच्या मागे. वर ‘खराब’ असा छापील कागद, दांड्याला गॉजच्या चिंधीचा सुटलेला तुकडा. बाईंनी सुरू केला तर मिनिटभर चालला, मग टीटी करून बंद पडला. बॅटरी गेलेली.

“आता सांग काय झालं असेल,” बाई म्हणाल्या.

“पेइशान खाली वर्गात. सतरा नंबर ओरडायला लागला. कोणीतरी धावत गेलं. जवळच दहा नंबरचा पंप मोकळा झालेला, तो आणून लावला. आत आधीचा पन्नास तसाच होता. पाच टाकायचा राहिला.”

“बरोबर. आणि मग?”

“मग पुडी सोडून नव्या पंपाला लावली.” मी थांबलो. “पण का? बाई, पोरीवर ढकलायला! पुडी तिची दिसली की नाव तिचं येणार. आणि तिच्यावर खार कोण खातं ते सगळ्यांना माहीत आहे.”

हे मी बोललो खरा. च्वो मेइयुन ताईंचं नाव घ्यायची गरजच नव्हती. पंधरा वर्षांत एक चूक नाही, आणि समोरच्याची एक सोडणार नाहीत. त्यांच्या हाताखालच्या आधीच्या चार पोरी सहा महिन्यांच्या आत नोकरी सोडून गेल्या. पेइशानला त्या रोज चार वाजता औषधांच्या खोलीत उभं करायच्या. “चादरीला सुरकुती का? पेशंटचं नाव विचारलंस की नुसतं वाचलंस? कॉलेजात झोपा काढल्यास का?” दार बंद असायचं, पण मला सगळं ऐकू यायचं.

“लुओ, अडकवायचं असतं तर पोरगी वॉर्डात असताना केलं असतं,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गात बसलेली असताना नाही. आणि म्हाताऱ्याला मारायला निघालेला माणूस पट्टीचं टोक दुमडत बसत नाही. पुडी हलवली ती प्रेमानं. शुक्रवारी पोरीची तपासणी, तिची पुडी खराब पंपावर फळीवर पडून राहू नये म्हणून.”

“मग च्वो ताई नाहीत!” मी सुटकेनं म्हटलं. “त्यांना कसलं आलंय प्रेम?”

बाईंनी ‘खराब’च्या कागदाकडे बोट केलं. त्याच्याही पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं.

“तुझ्या वॉर्डात टोक दुमडायला कोण शिकवतं?”

पेशंटची कातडी ओढली जाऊ नये, उद्या काढणारीला नखानं खरवडावं लागू नये, म्हणून टोक दुमडा. हे वाक्य मी त्या बंद दारातून शंभर वेळा ऐकलं होतं.

“आणि काल फॉर्म किती दिलेस?” बाईंनी विचारलं. “कोणाला किती?”

“वेइ सिस्टरना एक. डॉक्टरांना एक.” मी एकेक बोट दुमडत गेलो. “च्वो ताईंना तीन.”

५

साडेतीन वाजले होते. औषधांच्या खोलीत बाई, मी, वेइ सिस्टर आणि च्वो ताई. पेइशानलाही बाईंनी बोलावून घेतलं. ती दाराशी उभी राहिली, हातात लॉकरमधल्या सामानाची पिशवी.

बाईंनी दोन्ही पंप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. चोवीस मिनिटांचा हिशेब सांगितला, दोन नंबर दाखवले, चिंधीचा तुकडा दाखवला. कोणाचं नाव घेतलं नाही. वेइ सिस्टर लाल झाल्या. काल हा छोटा आकडा आपण का पाहिला नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“म्हणजे कोणी?” त्यांनी विचारलं. “काओनं?”

“काओनं नाही,” च्वो ताई म्हणाल्या.

त्यांनी एप्रनच्या खिशातून कागद काढला. चार घड्या घातलेला, कडा मऊ झालेल्या. तिसरा फॉर्म. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं.

“दोन फाडले. हा फाडवला नाही, आणि देववलाही नाही.” त्या टेबलाशी बोलत होत्या. “सतरा बंद पडला. तेवीस समोर होता. मी लावला, पडद्याकडे बघितलं, मला पाच दिसला. शपथेवर सांगते, मला पाच दिसला. दुसरीला बोलावून दाखवायचं असतं. मी रोज हिला सांगते. काओ कामात होती, आणि मला वाटलं, मला कशाला लागते दुसरी?”

“मग काल गप्प का राहिलात?” वेइ सिस्टरचा आवाज चढला. “पोरगी घरी चालली होती!”

“सांगणारच होते. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात ही म्हणाली, माझ्याच हातून झालं असेल.” च्वो ताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “पंपाला हात न लावता! मी मनात म्हटलं, अगं, हे काय बोलतेस? आणि मग कळलं, हे मीच शिकवलंय. आठ आठवडे. त्या लाजेनं मी एक मिनिट गप्प राहिले. ते मिनिट संपेचना.”

मला च्वो ताईंचा राग यायला हवा होता. आला नाही. पंधरा वर्षांत त्यांनी किती जणांना परत आणलं ते मीच मोजलंय, आणि एक दिवसाचा तो कागद त्यांच्या खिशात किती जड झाला असेल तेही दिसत होतं.

“पेइशान,” बाई म्हणाल्या, “तू का कबूल झालीस?”

“मला खरंच वाटलं, बाई.” पोरगी दाराला टेकली. “माझी चूक नाही असा एक दिवस गेला नाही इथे आल्यापासून. काहीही झालं की मी आधी माफ करा म्हणते आणि मग विचारते काय झालं. काल आईला फोन करून सांगितलं, मला जमत नाही. आई म्हणाली, ये घरी, सुरी आहे, कालवं आहेत. कोणी मरत नाही त्यानं.”

“तुला जायचंय?”

“नाही,” ती रडायला लागली. “मला नर्सच व्हायचंय.”

च्वो ताई टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर गेल्या आणि कमरेत वाकल्या. सीनियरनं ज्युनियरपुढे एवढं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पेइशान घाबरून त्यांच्याहून जास्त वाकली, आणि दोघींची डोकी एकमेकींवर आदळली.

“पुरे!” यो बाई म्हणाल्या. “टाके घालायला आता डॉक्टर बोलवावा लागेल.”

मी बाहेर गेलो, ट्रेमधलं पाकीट काढलं आणि कागद फाडायच्या मशीनमध्ये सोडलं. त्या मशीनलाही पुडी बांधलेली आहे. बिचारं पहिल्याच झटक्यात चाललं.

६

रिपोर्ट चारला वर गेला, च्वो ताईंच्या सहीचा. त्याआधी त्या बारा नंबरच्या खाटेपाशी जाऊन सगळं सांगून आल्या. दिंगांचा मुलगा खवळला, मोठ्यानं बोलला, आणि त्याचा तो हक्कच होता. म्हाताऱ्यानं त्याला हातानं गप्प केलं.

“बेचाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी,” ते च्वो ताईंना म्हणाले. “चूक केली आणि स्वतः सांगायला आली, अशी पोरं मोजून तीन. तू चौथी. जा आता, आणि माझं सलाइन त्या लहानीला लावायला सांग. तिचा हात हलका आहे.”

वरच्यांनी च्वो ताईंना महिनाभर कोणाला शिकवू दिलं नाही. यो बाईंनी मात्र पुढच्या बुधवारी त्यांना तळमजल्यावर उभं केलं. नव्या तुकडीतल्या वीस पोरी आणि चार पोरं पहिल्या दिवशी शिकतात हात कसे धुवायचे. यंदापासून त्याआधी अर्धा तास च्वो मेइयुन ताई दोन पंप टेबलावर ठेवून सांगतात, तीन सोळाला काय झालं. नाव स्वतःचं घेतात. पहिल्या वेळी दोनदा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, असं काओ म्हणाली. ती ऐकायला मुद्दाम गेली होती, आणि नखं साधी ठेवून.

पंपांचे नंबर आता वर, ठळक रंगवलेत. पुड्या आहेतच, त्या काढायची हिंमत वेइ सिस्टरमध्येही नाही.

पेइशानची तपासणी शुक्रवारऐवजी पुढच्या मंगळवारी झाली आणि ती पास झाली. पुडी सोडायच्या दिवशी तिनं ती फोडून आम्हा सगळ्यांना मूठ मूठ खाऊ वाटला. जरा सादळला होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी, मी फोनवर होतो. समोर चौदा नंबरच्या खाटेपाशी च्वो ताई पंप लावत होत्या. घाई होती, डॉक्टर दारात उभे होते. ताईंचं बोट बटणापर्यंत पोचलं.

“ताई, थांबा,” मागून पेइशान म्हणाली. आवाज मोठा नव्हता. ‘माफ करा’ असंही म्हणाली नाही. “मला बघू द्या.”

मी फोनवरच्या माणसाला सोडून तिकडेच बघत राहिलो.

च्वो ताईंनी बोट मागे घेतलं आणि बाजूला सरकून जागा दिली. पेइशाननं वाकून आकडा वाचला, बाटलीवरचं वाचलं, पेशंटला त्याचं नाव विचारलं आणि मग मान हलवली.

“बरोबर आहे, ताई. करा सुरू.”

आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी च्वो ताईंना ड्युटीवर हसताना पाहिलं.